स्थिरमाती

बेळकुंडीत आता काहीच कुजत नव्हतं.

बांधावरच्या लिंबाखाली कित्येक वर्षांचा पाला थरावर थर साचून राहिला होता. वरचा थर हातानं बाजूला केला की खालचा दिसे, आणि तोही तसाच, शिरा न् शिरा शाबूत असलेला, पिवळा आणि कोरडा. उकिरड्यावर टाकलेल्या केळीच्या साली वाळून चामड्यासारख्या होत, पण त्यांचं खत होत नसे. अंगणात पाणी शिंपडलं की पूर्वी जो वास उठायचा, तोही गेला होता. तो वास मातीचा नसतोच, मातीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो, आणि ते जीव आता उपाशी निजले होते. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी त्या वासाची आठवण येई. पण पिकं उभी होती, सरकार खताची पोती घरपोच देत होतं, आणि दर हंगामाला योजनेसाठी दिलेल्या जमिनीच्या भाड्याची रक्कम खात्यात पडत होती. त्यामुळे तक्रार करावी असं कुणाला वाटत नव्हतं.

'स्थिरमाती' ही राज्य सरकारची योजना होती आणि तिची कल्पना याच गावच्या मुलीची होती.

डॉ. महानंदा बिराजदार पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मृदाशास्त्रज्ञ होती. तिनं मांडलेला विचार साधा होता. पान गळतं आणि कुजतं. कुजणं म्हणजे काय, तर मातीतले असंख्य जीवाणू आणि बुरश्या ते पान खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. जगातले सगळे कारखाने, गाड्या आणि वीजकेंद्रं मिळून वर्षाला जेवढा कार्बन हवेत सोडतात, त्याच्या कितीतरी पट कार्बन जमीन नुसता श्वास टाकून सोडते. झाडं तो परत ओढून घेतात, म्हणून एरवी तोल राहतो. महानंदाचं म्हणणं होतं की झाडांना ओढू द्यायचं आणि जमिनीला श्वास सोडूच द्यायचा नाही.

तोवर सरकारनं सौरपंपांवर, पठारांवरच्या पवनचक्क्यांवर आणि विजेवरच्या बसगाड्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला होता. त्यानं नवा धूर कमी झाला, पण आधीच हवेत साठलेला कार्बन खाली आणण्याचा उपाय कुणाकडेच नव्हता. महानंदानं तो दिला. तिनं एक बुरशी तयार केली. तिचं नाव 'रोधिका', म्हणजे रोखून धरणारी. कुजवणारे जीव ज्या रासायनिक कात्र्यांनी पान, लाकूड किंवा मांस कातरतात, त्या कात्र्यांच्या पात्यांना जाऊन चिकटणारा एक पदार्थ रोधिका मातीत सोडत असे. पाती बोथट होत आणि कुजणं थांबे. पानातला कार्बन पानातच राही.

पहिला प्रयोग कुठं करायचा हा प्रश्न आला तेव्हा महानंदानं आपलंच गाव सुचवलं. पहिलं शेत तिच्या थोरल्या भावानं दिलं. 'माझी बहीण काय वाईट सांगणाराय का?' असं गुरुलिंग बिराजदार त्या वेळी ग्रामसभेत म्हणाला होता. आता योजना निम्म्या राज्यात पसरली होती आणि सरकारच्या हवामान निधीतला सर्वांत मोठा वाटा तिच्याकडे जात होता.

त्या गुरुलिंगचा एका सकाळी फोन आला.

"नंदा, तू ये."

"काय झालं अण्णा?"

"फोनवर सांगण्यासारखं न्हाई. आजच ये."

ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गुरुलिंग तिला घरी न नेता सरळ शेतात घेऊन गेला. लिंबाच्या पलीकडे नव्या पाइपलाइनसाठी खणलेला चर होता आणि त्याच्या कडेला जेसीबी तसाच सोडून दिलेला होता.

"जेसीबीवाल्याला सांगितलेलं मी, समाधीपासनं लांबनं घे म्हणून," गुरुलिंग म्हणाला. "त्यानं घेतलंही. पण कडेची माती ढासळली."

तिथं कोणाची समाधी होती हे महानंदाला ठाऊक होतं. कस्तुरी, गुरुलिंगची एकुलती एक मुलगी, सातव्या वर्षी तापानं गेली होती. त्याला चार वर्षं झाली होती. लिंगायत घरांत मृताला जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत जमिनीत समाधी देतात. कस्तुरीलाही तिच्या बापानं स्वतः उचलून त्या खड्ड्यात बसवलं होतं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं होतं आणि वरून विभूती आणि बेलाची पानं टाकली होती.

खड्ड्याच्या काठाला सुवर्णा, गुरुलिंगची बायको, डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मागं न बघता ती म्हणाली, "नंदाताई, चपला काढून या."

महानंदा चपला काढून पुढं गेली आणि तिनं खाली पाहिलं.

कस्तुरी बसलेली होती. मातीच्या भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, डोळे मिटून. तिचा रंग थोडा गडद झाला होता, पण गाल होते, भुवया होत्या, कानातल्या बाळ्या होत्या. मांडीवर बेलाची पानं पडली होती आणि ती अजून हिरवट होती. ओठ किंचित उघडे होते. समोरचा दुधाचा दात पडून तिथं नवा दात येत होता. तो अर्धाच आलेला दिसत होता.

"रोज डोळे मिटले की तेच यायचं," सुवर्णा शांतपणे म्हणाली. "आता तिचं काय झालं असंल, काय राहिलं असंल. चार वर्षं मी धड झोपले न्हाई. आणि ही हितं अशी बसलीय. एकटी."

महानंदा बोलली, आणि बोलताना तिला कळत होतं की ती शास्त्रज्ञासारखी बोलते आहे कारण दुसरं काही बोलणं तिला शक्य नव्हतं.

"वहिनी, हे मातीमुळं झालंय. युरोपात काही दलदली आहेत, तिथल्या पाण्यात कुजवणारे जीव जगत नाहीत. दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं सापडली आहेत तिथं, दाढीचे खुंट दिसतायत अशी. आपल्या रोधिकेनं तेच केलंय, आणि त्याहून चांगलं केलंय. मी... माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी पानांचा विचार केला होता."

"म्हणजे ती हाय."

"नाही वहिनी. तिचं शरीर आहे."

"शरीरच तर जन्माला घातलं होतं मी," सुवर्णा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुलिंगनं स्वामींना बोलावलं, विधी पुन्हा केले आणि खड्ड्यावर शहाबादी फरशी टाकून माती ओढली. महानंदा पुण्याला परतली. आठवड्यानं गुरुलिंगचा फोन आला. सुवर्णानं माती उकरली होती आणि फरशी सरकवली होती. तो शेतात गेला तेव्हा ती आत उतरून मुलीचे केस विंचरत होती.

"तेल लावालती गं," गुरुलिंग म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "मला म्हणाली, बघा की, किती कोरडे झालेत."

त्यानं पुन्हा फरशी लावली आणि तिनं पुन्हा काढली. काही दिवसांनी त्यानं लावणं सोडून दिलं. वरून पत्र्याची छपरी घालून दिली, म्हणजे निदान बायकोला ऊन लागणार नाही. सुवर्णा सकाळी स्वयंपाक उरकून तिथं जाऊन बसे आणि दिवेलागणीला परत येई. कस्तुरीविषयी बोलताना ती 'होती' म्हणेनाशी झाली. 'आज शांत हाय,' असं सांगे. गुरुलिंग जेवताना मान वर करत नसे.

गोष्ट गावात राहिली नाही. गावाबाहेरच्या दफनभूमीतलं एक थडगं उघडलं गेलं आणि एका म्हाताऱ्या शिक्षकाला त्याची बायको सापडली, लग्नातला हिरवा शालू नेसलेली. ओढ्याकाठी जिथं तान्ही मुलं पुरत, तिथं बायका स्वतः खुरपी घेऊन गेल्या. काहींना काही सापडलं नाही, कारण त्यांची मुलं योजना येण्याआधी गेली होती. त्या बायका इतरांच्या खड्ड्यांपाशी येऊन बसत. लोकांनी या सगळ्याला 'उघडणी' असा शब्द काढला. 'आज आमची उघडणी आहे' म्हणजे आज आम्ही आमच्या माणसाला भेटायला जाणार आहोत. वर्षभरात, ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मृताला अग्नी देत आले होते, तीही स्थिरमातीत दोन हात जागा शोधू लागली. शहरांतून गाड्या येऊ लागल्या.

महानंदानं या काळात प्रयोगशाळेबाहेर फारसं पाऊल टाकलं नाही. ती रोधिकेवरचा उतारा तयार करत होती. रोधिकेला रोग लावणारा, माणसाला आणि पिकाला निरुपद्रवी असा तो एक विषाणू होता. त्याला तिनं 'मोचक' म्हटलं, सोडवणारा. तो पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर पसरणार होता. एका शेतात सोडला की हंगामभरात जिल्हाभर जाणार होता, आणि एकदा सोडल्यावर त्याला थांबवणं शक्य नव्हतं.

तो तयार करताना ती मनाशी म्हणत होती की हे आपण फक्त वहिनीसाठी करतो आहोत. पण पुढच्या पेरणीनंतर तिला आणखी मोठं कारण मिळालं.

बेळकुंडीत तूर उगवली नाही.

गुरुलिंगनं मूठभर माती उकरून दाखवली. बी जसं पेरलं होतं तसंच होतं. चकचकीत, न फुगलेलं, न फुटलेलं. धुऊन पिशवीत भरलं असतं तर दुकानदारानं परत घेतलं असतं.

"मेलंय का हे?" त्यानं विचारलं.

"नाही. जिवंत आहे. उगवायचं म्हणजे बियाला आधी स्वतःत साठवलेलं अन्न फोडावं लागतं. त्यालाही तसल्याच कात्र्या लागतात, अण्णा. रोधिकेचा पदार्थ मातीत साठत साठत इतका झालाय की आता तो बियाच्या आत शिरून त्या कात्र्याही बोथट करतोय."

गुरुलिंगनं बी परत मातीत टाकलं. "म्हणजे जे कुजत न्हाई ते उगवतबी न्हाई," तो म्हणाला, आणि हात झटकून उठला.

महानंदा मुंबईला जाऊन हवामान निधीचे सचिव अनिरुद्ध टिपणीस यांना भेटली. टिपणीस योजनेच्या जन्मापासून तिच्या बाजूनं उभे राहिलेले, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोचक सोडला तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"इतक्या वर्षांचा साठलेला पाला कुजेल. जमीन पुन्हा जिवंत होईल."

"आणि तो सगळा कार्बन?"

"हवेत जाईल," महानंदा म्हणाली. "एकदम जाईल. मी ते लपवत नाही. पण बेळकुंडीत तूर उगवली नाही, साहेब. पुढच्या वर्षी पहिल्या टप्प्यातल्या सगळ्या गावांत उगवणार नाही. मग बाकीच्या राज्यात."

"धान्य बाहेरून आणता येईल. त्याची तरतूद करावी लागेल." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "डॉक्टर, पूर्वी अधिवेशनात हवामान निधी म्हटलं की आरडाओरडा व्हायचा. पवनचक्क्या कशाला, सौरपंप कशाला, पैसा कुणाच्या घशात गेला. यंदा स्थिरमातीची मागणी एकमतानं मंजूर झाली. जे विरोधात असायचे ते आपापल्या तालुक्यात योजना मागत होते. सौरपंपांचे पैसेसुद्धा इकडे वळवा म्हणाले. त्यातल्या एकालाही कार्बनशी देणंघेणं नव्हतं."

"म्हणून तर तुम्ही काहीतरी केलं पाहिजे."

टिपणीस हळूच म्हणाले, "माझी आई गेल्या वर्षी गेली. मी तिला तिकडे, स्थिरमातीत ठेवलंय. महिन्यातून एकदा जातो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी जनसुनावणी लावतो. लोक हो म्हणाले तर मी सही करीन. माझ्या एकट्याच्या हातानं मात्र होणार नाही ते. मला सांगू नका तसं करायला."

जनसुनावणी तालुक्याच्या मंगल कार्यालयात झाली. बाहेर उभं राहायलाही जागा नव्हती. महानंदानं तुरीचं न उगवलेलं बी काचेच्या भांड्यात आणलं होतं. कात्र्यांची गोष्ट तिनं सोप्या शब्दांत सांगितली, आणि लोकांना ती समजलीही. त्यांचे चेहरे बघून तिला ते दिसत होतं. तिचं बोलून झाल्यावर बायकांच्या बाजूनं सुवर्णा उठली. ती फार वाळली होती.

"नंदाताई खोटं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "माझ्याच शेतात तूर आली न्हाई, मी बघितलंय. उद्या खायला मिळंल न मिळंल, ते सरकारनं बघावं, देवानं बघावं. पण तुमचं ते औषध सोडलं की किती दिवसांत माझी पोर..." तिला शब्द सापडेना. "किती दिवसांत ते होईल, सांगा."

सगळं सभागृह महानंदाकडे बघत होतं.

"काही आठवड्यांत, वहिनी."

"मी बघत असताना?"

हात वर करायला सांगितलं तेव्हा मोचकाच्या बाजूनं मोजकेच हात वर झाले. त्यात एक हात गुरुलिंगचा होता. सुवर्णानं तो पाहिला आणि मान फिरवली.

बाहेर आल्यावर गुरुलिंगनं बहिणीला गर्दीपासून बाजूला घेतलं.

"तू ते औषध घेऊन ये. कुणाला विचारू नको. माझ्या शेतात सोड."

"अण्णा, वहिनींचं काय होईल कळतंय का तुला? त्यांच्या डोळ्यांदेखत होईल ते."

"होऊ दे. रडंल, मला शिव्या घालंल, माहेरी जाईल. पण जगंल." त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "पोर गेली, ती गेली. आता हीपण तिच्या मागनं चाललीय. दिवसातनं दोन घास खाईना. मला दोघीबी गमवायच्या न्हाईत, नंदा."

महानंदा हो म्हणाली. पण पुण्याला परतल्यावर तिचं धाडस झालं नाही. एका बाईच्या डोळ्यांसमोर तिचं मूल कुजवायचं, हे कृत्य तिला हातात घेववेना. सुवर्णाचं मन निवळेल, तिला डॉक्टरकडे नेता येईल, थोडं थांबून बघू, असं म्हणत तिनं पावसाळा जाऊ दिला. त्या वर्षी बेळकुंडीच्या आसपासची गावं पडीक राहिली. सरकारनं धान्याच्या गाड्या पाठवल्या.

थंडीत सुवर्णाच्या छातीत कफ झाला. छपरीतून उठायला ती तयार नव्हती. गुरुलिंगनं तिला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. दोन दिवसांत ती गेली. तिला मुलीशेजारी बसवलं. महानंदा समाधीच्या वेळी हजर होती, पण तिनं खड्ड्याकडे पाहिलं नाही. ती गुरुलिंगच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तो रडला नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा महानंदानं मोचकाची बाटली पिशवीत घातली आणि गाडी काढली. आता अडवणारं कोणी नव्हतं. पेरणीआधी सोडला तर या हंगामात नाही तरी पुढच्या हंगामात तूर उगवणार होती. तिला उशीर झाला होता, पण फार नाही, असं ती स्वतःला सांगत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगर न लागलेली शेतं होती. शेताशेतांत पत्र्याच्या छपऱ्या उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येक छपरीत कोणी ना कोणी खाली बघत बसलेलं होतं. काही ठिकाणी डबे उघडून माणसं जेवत होती.

गुरुलिंग घरी नव्हता. तो शेतात, छपरीखाली, काठाला पाय सोडून बसला होता. फरशी बाजूला होती. बहिणीला पाहून तो संकोचला, पण उठला नाही.

"आणलं मी ते," महानंदा म्हणाली.

"काय?"

"औषध. तू म्हणाला होतास ना."

गुरुलिंगनं मान हलवली. त्यानं दाढी केली होती, अंगात स्वच्छ सदरा होता. गेली दोन वर्षं तो एवढा नीटनेटका तिला दिसला नव्हता.

"एवढं एक वर्ष जाऊ दे, नंदा."

"अण्णा, तूच..."

"म्हणालो होतो मी. खरंय. तवा ती वर होती." त्यानं खाली पाहिलं. "घरात मला करमत न्हाई गं. हितं बसलो की बरं वाटतं. काही बोलत न्हाई आम्ही. एक वर्ष. मग सोड, मी स्वतः सोडीन."

"पुढच्या वर्षीही तू हेच म्हणशील. सगळेच म्हणतायत. तिकडं मुंबईत सचिवसुद्धा हेच म्हणतात. आणि जमीन..."

"ठाऊक हाय मला जमिनीचं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुला सोडायचं तर सोड. तुझंच हाय ते सगळं, बांधलंस तू, सोडायचंबी तूच. मी हात धरणार न्हाई. पण आधी बघ तरी. त्या दिवशी तू बघितलं न्हाईस, मला दिसलेलं."

महानंदानं चपला काढल्या. पिशवी खांद्यावर तशीच होती. ती काठापाशी आली आणि तिनं खाली पाहिलं.

सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा खांदा मुलीच्या डोक्याला लागला होता, बसवणाऱ्यांनी मुद्दाम तसं केलं असावं. शेवटच्या दिवसांतली ओढलेली रेघ तोंडाभोवती राहिली नव्हती. ती बरी दिसत होती. खूप वर्षांपूर्वी, महानंदा कॉलेजातून सुट्टीत घरी आली की वहिनी दारात यायची, तेव्हा दिसायची तशी. कस्तुरी तिच्या कुशीत विसावल्यासारखी होती.

महानंदाला वाटलं होतं की आपल्याला किळस येईल, किंवा भीती, किंवा रडू फुटेल. त्यातलं काही झालं नाही. छपरीच्या सावलीत थंड होतं. वारा पत्र्यावरून सरकत होता. गुरुलिंग थोडा बाजूला सरकला आणि त्यानं तिच्यासाठी जागा केली.

ती बसली. मग वाकून तिनं वहिनीच्या कपाळावरची माती बोटानं अलगद पुसली. कपाळ गार आणि मऊ होतं.

तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पिशवी तिनं मागं गवतात ठेवली, पाय खाली सोडले, आणि पुढच्या रविवारी परत येता येईल का, याचा ती विचार करू लागली.